बाळाच्या आतड्यातल्या नसा, ग्रोथ फॅक्टर आणि रिसेप्टर: सारखे विचारले जाणारे प्रश्न

मी सोलापुरात पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. हिर्शस्प्रंग आजाराच्या शंकेने काढलेल्या लहान मुलांच्या आतड्याच्या बायोप्सी, म्हणजे तपासायचे छोटे तुकडे, आमच्याकडे येतात, आणि रिपोर्ट हातात पडला की आई-बाबा आधी गुगल करतात आणि मग आम्हाला मेसेज. गुगलवर एनजीएफ, जीडीएनएफ, रेट असलं काय काय दिसतं आणि माणूस घाबरून जातो. बार्शी, अक्कलकोट, पंढरपूर, अगदी विजापूरकडनं पण तेच तेच प्रश्न येतात म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतेय. ज्याचं उत्तर दुसऱ्या प्रश्नात आहे तिथे फक्त नंबर दिलाय. तुमच्या बाळाचं पुढे काय करायचं ते बाळाला हात लावून तपासलेल्या डॉक्टरांनीच ठरवायचं, हे वाचून नाही.

१. डॉक्टर सांगायलेत की बाळाच्या आतड्यात नसा नाहीत. म्हणजे नक्की काय नाही?

सगळ्याच नसा नाहीत असं नसतं. आतड्याच्या भिंतीत मज्जापेशींची दोन जाळी असतात, एक स्नायूंच्या दोन थरांमध्ये आणि एक आतल्या अस्तराच्या खाली, या पेशींना गँग्लिऑन पेशी म्हणतात. त्या आहेत म्हणून आतडं आवळतं, सैल पडतं, परत आवळतं आणि शी पुढे सरकते. हिर्शस्प्रंग आजारात गुदद्वारापासून वर काही अंतरापर्यंत या पेशी जन्मतःच नसतात, मग तेवढा भाग सैल पडतच नाही, कायम आवळलेला राहतो आणि वरचं सगळं तुंबतं. साधारण ५००० जन्मांमागे एका बाळाला हे असतं, मुलांमध्ये मुलींपेक्षा चौपट, आणि १०० पैकी ८० जणांमध्ये फक्त गुदाशय आणि त्याच्या वरचा वळणाचा भाग एवढाच बाधित असतो.

एक गोष्ट नीट समजून घ्या कारण एक्स-रे बघून जवळजवळ प्रत्येक घरात हा गोंधळ होतो. फोटोत जो भाग फुगलेला दिसतो तो चांगला असतो, बिचारा ढकलून ढकलून फुगलेला, आणि खालचा जो बारीक, साधा दिसतो तिथे आजार असतो. कोपनहेगनचे बालरोगतज्ज्ञ हॅराल्ड हिर्शस्प्रंग यांनी १८८६ साली बर्लिनच्या परिषदेत दोन बाळांची माहिती मांडली, तेव्हा त्यांचंही लक्ष फुगलेल्या भागावरच होतं. खालचा भाग काढून चांगलं आतडं खाली आणून जोडायचं ऑपरेशन स्वेन्सन यांनी १९४८ मध्ये प्रसिद्ध केलं, म्हणजे मधे ६२ वर्षं गेली.

२. हे नर्व्ह ग्रोथ फॅक्टर आणि रिसेप्टर काय प्रकार आहे? सोप्या भाषेत सांगा ना.

ग्रोथ फॅक्टर म्हणजे एका पेशीने सोडलेलं प्रथिन, आणि रिसेप्टर म्हणजे दुसऱ्या पेशीच्या अंगावरचं ते प्रथिन पकडणारं दुसरं प्रथिन. पकडलं की त्या पेशीला आतून निरोप जातो, जग, वाढ, पुढे सरक. पहिला सापडला तो एनजीएफ, म्हणजेच नर्व्ह ग्रोथ फॅक्टर, रिटा लेव्ही-मोंटालचिनी आणि स्टॅन्ली कोहेन यांना त्यासाठी १९८६ चं नोबेल मिळालं. नंतर त्याची भावंडं सापडली, बीडीएनएफ, एनटी-३ वगैरे. एनजीएफचा रिसेप्टर ट्रक-ए, बीडीएनएफचा ट्रक-बी, एनटी-३ चा ट्रक-सी, आणि पी७५ नावाचा एक रिसेप्टर असा की तो या सगळ्यांनाच धरतो.

आतड्यासाठी सगळ्यात महत्त्वाचा मात्र या घरातला नाहीच. तो जीडीएनएफ, १९९३ मध्ये सापडलेला, त्याचा रिसेप्टर रेट, आणि रेटला सोबत जीएफआर अल्फा १ नावाचा जोडीदार लागतो. आतड्यातल्या मज्जापेशी तिथे जन्मत नाहीत, त्या गर्भाच्या मानेकडच्या भागातून निघतात, अन्ननलिकेत शिरतात आणि खाली गुदाशयापर्यंत चालत जातात, वाटेत स्वतःची संख्या वाढवत. आपल्या जिल्ह्यात आषाढीला पंढरपूरला दिंड्या येतात, त्यांना जसं मुक्कामा-मुक्कामाला जेवण-पाणी लागतं आणि पुढची ओढ पण लागते, तसं या पेशींना दोन्ही देणारा हा जीडीएनएफ. निरोप कमी पडला तर पेशी मधेच थांबतात किंवा पुरेशा उरत नाहीत. शेवटचा टप्पा गुदाशय, म्हणून रिकामा राहतो तो नेहमी खालूनच.

३. मग माझ्या मुलाला एनजीएफ कमी पडलं म्हणून हे झालं का?

नाही, हिर्शस्प्रंगचं मुख्य कारण तिथे नाही. १९९६ मध्ये तीन वेगवेगळ्या गटांनी जीडीएनएफ नसलेले उंदीर तयार केले, त्या पिल्लांच्या आतड्यात मज्जापेशीच नव्हत्या आणि किडन्या पण नव्हत्या. रेट बंद केलेल्या उंदरांत १९९४ मध्येच तसंच दिसलं होतं. एनटी-३ किंवा ट्रक-सी नसलेल्या उंदरात आतड्यातल्या पेशी कमी होतात पण आतडं पूर्ण रिकामं होत नाही. म्हणजे एनटी-३ मदतनीस आहे, पण सगळं ज्याच्यावर अडतं ती जोडी जीडीएनएफ-रेट. त्याच्या जोडीला एंडोथेलिन-३ आणि त्याचा रिसेप्टर ईडीएनआरबी अशी आणखी एक यंत्रणा आहे, ती प्र. १४ मध्ये येईल. एनजीएफचा खरा संबंध पोटदुखीशी जास्त येतो, त्यासाठी प्र. १६.

४. नसांसाठी बी१२ ची इंजेक्शनं, टॉनिक मिळतात. ती देऊन पेशी वाढतील का?

नाही वाढणार. बी१२ कमी असेल तर असलेल्या नसा दुबळ्या होतात, तिथे बी१२ दिल्यावर उपयोग होतो. इथे पेशी कधी पोचल्याच नाहीत आणि पोचायची वेळ गर्भातच संपली. मेडिकलवाल्याने दिलेल्या बाटलीवर नसांचं चित्र असलं तरी त्यात जीडीएनएफ नसतं आणि असतं तरी तोंडावाटे दिलेलं प्रथिन पोटातच पचून जातं. यात पैसे जातात ते एक, पण त्याहून वाईट म्हणजे महिने जातात.

५. गरोदरपणात माझं काही चुकलं का? सासूबाई म्हणतात ग्रहणात भाजी चिरली होती.

ताई, नाही. या पेशींचा प्रवास गर्भाच्या साधारण चौथ्या आठवड्यापासून सातव्या आठवड्यापर्यंत बराचसा होऊन जातो, तोवर बऱ्याच जणींना दिवस गेलेत हेच नुकतं कळलेलं असतं. ग्रहण, पपई, जिना चढणं, गिरणीतलं काम, विड्या वळायला बसणं, यातल्या कशानेही रेटचा जीन बदलत नाही. ज्या घरात आईला बोल लावतात त्या घरातल्यांना हे उत्तर सरळ वाचून दाखवा. रेटमधला बदल बऱ्याचदा बाबांकडूनही आलेला असतो, आणि त्यातही दोष कुणाचाच नाही.

६. जन्मानंतर काळी शी किती तासांत व्हायला हवी?

पूर्ण दिवसांच्या बहुतेक बाळांना पहिल्या २४ तासांत होते, ४८ तासांत जवळजवळ सगळ्यांना. ४८ तास उलटले तर तपासणी हवीच. त्याच्या जोडीला पोट फुगणं, दूध नको म्हणणं, हिरवी उलटी यातलं काही असेल तर तासांची वाट बघू नका, हिरवी उलटी म्हणजे लगेच दवाखाना. अपुऱ्या दिवसांच्या बाळांना उशीर लागू शकतो, तिथे डॉक्टर वेगळा विचार करतात. डिस्चार्ज कार्डावर पहिली शी कधी झाली ते लिहिलंय का बघून घ्या, नसेल तर नर्सताईंना लिहायला सांगा. चार महिन्यांनी कुणालाच आठवत नाही आणि तेव्हा तीच एक ओळ फार कामाची असते.

७. आजी पानाचा देठ तेलात बुडवून लावते, लगेच शी होते. मग डॉक्टरकडे कशाला जायचं?

हा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. विड्याच्या पानाचा देठ, साबणाची काडी, एरंडेलाचं बोट, आपल्याकडे हे घरोघरी चालतं आणि आजीच्या मायेबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण बघा, हिर्शस्प्रंग असलेल्या बाळाला सर्जन बोटाने तपासतात आणि बोट बाहेर काढलं की वास मारणारी पातळ शी आणि गॅस एकदम जोरात सुटतो, आजाराची ही एक खूणच आहे. देठ घातल्यावर तेच होतं. आवळलेला भाग क्षणभर उघडतो, तुंबलेलं बाहेर येतं, पोट उतरतं, बाळ हसतं आणि घरातले म्हणतात झालं बरं. दोन दिवसांनी परत तेच. असं करत करत बाळ सहा महिन्यांचं होतं, वजन वाढत नाही, आणि एक दिवस प्र. १२ मधला ताप येतो. शिवाय साबणाने आतलं अस्तर पोळतं आणि देठाने जखम होऊ शकते, ती वेगळीच.

साधा नियम ठेवा, तान्ह्या बाळाला दर वेळी काहीतरी घातल्याशिवाय शी होतच नसेल तर ते घरगुती उपायाचं यश नाही, ते लक्षण आहे. एक पण सांगते. फक्त आईच्या दुधावर असलेलं महिना उलटलेलं बाळ कधी कधी चार-पाच दिवस शी करत नाही आणि तरी अगदी ठीक असतं, पोट मऊ, शी मऊ, वजन वाढतंय, तिथे घाबरायचं कारण नाही आणि देठाचीही गरज नाही.

८. माझा मुलगा चार वर्षांचा आहे, शी कडक होते, रडतो. त्याला पण हाच आजार असेल का?

बहुतेक नाही. मुलांच्या बद्धकोष्ठतेत १०० पैकी ९५ वेळा आतड्यात काही बिघाड नसतो, एकदा दुखलं म्हणून पोर शी दाबून धरतं, मग ती आणखी कडक होते, मग आणखी भीती. असं साधारण वरचं खाणं सुरू झाल्यावर, संडासची सवय लावताना नाहीतर बालवाडीत जायला लागल्यावर सुरू होतं, शी मोठी जाड होते, चड्डीला डाग लागतात. हिर्शस्प्रंगमध्ये त्रास जन्मापासून असतो, पोट सतत फुगलेलं, वजन मागे, चड्डीला डाग सहसा नाहीत. काही मुलांचं निदान मोठेपणी होतं हेही खरं, म्हणून जुना डिस्चार्ज कार्ड शोधा आणि नीट दिलेल्या औषधाने महिनोन्‌महिने फरक पडत नसेल तर मॅनोमेट्रीबद्दल विचारा. त्यात गुदाशयात छोटा फुगा फुगवून खालचा स्नायू सैल पडतो का बघतात, सैल पडला तर हिर्शस्प्रंग जवळजवळ नाहीच.

९. रिपोर्टमध्ये "गँग्लिऑन सेल्स ॲबसेंट, कॅलरेटिनिन निगेटिव्ह" लिहिलंय. हे कसं ठरवता?

सक्शन बायोप्सीत गुदद्वाराच्या थोडं वरून अस्तराचा तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा येतो, त्या जागेला दुखण्याची जाणीव नसते म्हणून बहुतेक तान्ह्यांना भूलही लागत नाही. आम्ही त्याचे एकामागून एक कितीतरी पातळ काप करतो, कारण एका कापात पेशी दिसली नाही म्हणजे ती नाहीच असं म्हणता येत नाही. गँग्लिऑन पेशी तशी मोठी असते, गुलाबी अंग, एका कडेला गोल केंद्रक आणि त्यात ठळक ठिपका, एकदा ओळख झाली की विसरत नाही. मग कॅलरेटिनिनचा, म्हणजे नसांमध्ये असणाऱ्या एका प्रथिनाचा, रंग देतो. चांगल्या आतड्यात अस्तरातले बारीक तंतू तपकिरी, तुटक तुटक रेघांसारखे उठून दिसतात. हिर्शस्प्रंगच्या तुकड्यात ते नसतात, सगळा भाग निळसर आणि कोरा. "नाही" असं लिहायला "आहे" लिहिण्यापेक्षा जास्त वेळ लागतो, म्हणून रिपोर्टला उशीर झाला तर रागावू नका.

१०. पेशी नाहीत म्हणता आणि त्याच रिपोर्टमध्ये जाड नसा आहेत असं लिहिता. हे उलटसुलट नाही का?

वाटतं तसं, पण नाही. त्या जाड नसा आतड्याच्या स्वतःच्या नाहीत, बाहेरून, कंबरेखालच्या मणक्याकडून आलेल्या नसांचे ते गठ्ठे आहेत. आतल्या पेशी भेटल्या नाहीत की हे तंतू वाढत, जाड होत जातात. त्या बाहेरच्या आहेत हे दाखवण्यात एनजीएफचा रिसेप्टर कामी आला. त्या रिसेप्टरसाठी रंग दिल्यावर या गठ्ठ्यांभोवती तसंच आवरण रंगून दिसतं जसं आतड्याबाहेरच्या नसांभोवती असतं, आणि आतड्याच्या स्वतःच्या नसांना असं आवरण नसतं. म्हणजे रिसेप्टर इथे आजाराचं कारण नाही, ओळखपत्र आहे. संपूर्ण मोठं आतडं बाधित असेल तर मात्र हे जाड गठ्ठे कमी दिसू शकतात किंवा नसतातही, त्यामुळे नुसत्या त्यांच्यावरून निर्णय होत नाही.

११. बायोप्सी परत करायची म्हणताहेत. पहिली चुकली का?

चुकली असं नाही, अपुरी पडली. तुकड्यात अस्तराच्या खालचा थर पुरेसा आला नसेल, किंवा तुकडा फार खालून घेतला असेल, गुदद्वाराजवळ चांगल्या बाळातही पेशी विरळ असतात. अगदी नवजात बाळात पेशी लहान आणि कच्च्या असतात, ओळखायला अवघड. शंकेवर ऑपरेशन करण्यापेक्षा दुसरा तुकडा केव्हाही बरा.

१२. ऑपरेशन झालंय, आता धोका संपला ना?

एक धोका राहतो, एन्टेरोकोलायटिस, म्हणजे आतड्याला येणारी सूज. ताप, पोट टम्म, एकदम जोरात सुटणारी घाण वासाची पातळ शी, बाळ मलूल. हे ऑपरेशनच्या आधी होतं आणि नंतरही होऊ शकतं, पहिल्या एक-दोन वर्षांत जास्त. घरचे याला साधे जुलाब समजून ओआरएस देत बसतात आणि रात्र काढतात. रात्र काढू नका, थेट हॉस्पिटल, आणि आत गेल्या गेल्या पहिलं वाक्य "याचं हिर्शस्प्रंगचं ऑपरेशन झालंय" हेच सांगा, कारण ड्युटीवरच्या डॉक्टरांना ते माहीत असेलच असं नाही. सलाइन, अँटिबायोटिक आणि आतडं धुणं वेळेत झालं तर बाळं सावरतात, उशीर झाला तर जिवावर बेततं.

बाकी ऑपरेशन म्हणजे पेशी नसलेला भाग काढून चांगलं आतडं खाली ओढून जोडणं. कुठून कापायचं ते ऑपरेशन चालू असतानाच तुकडा लॅबला पाठवून ठरवतात, कारण मधल्या भागात पेशी असतात पण विरळ, आणि तो भाग ठेवला तर त्रास परत येतो. बाळ खूप फुगलेलं किंवा आजारी असेल तर आधी पोटावर शीची वाट काढतात आणि नंतर जोडतात. खर्चासाठी महात्मा फुले जन आरोग्य योजनेत बसतं का ते योजनेतल्या हॉस्पिटलच्या आरोग्यमित्राला विचारा, रेशन कार्ड आणि आधार सोबत न्या.

१३. दुसरं मूल होऊ द्यायचं का? जीन टेस्ट करू का?

सगळे मिळून बघितलं तर भावंडाला होण्याची शक्यता १०० मध्ये ४ च्या आसपास. पहिल्याचा बाधित भाग लांब असेल किंवा पहिली मुलगी असेल तर जास्त. घरात एकापेक्षा जास्त जणांना असेल तर निम्म्या घरांत रेटमध्ये बदल सापडतो, एकट्या-दुकट्याला असेल तर १५ ते २० टक्क्यांत. रेटमधला बदल असूनही आजार नसलेले आई-बाबा असतात, त्यामुळे टेस्ट पॉझिटिव्ह म्हणजे आजार होणारच असं नाही आणि निगेटिव्ह म्हणजे सुटलो असंही नाही. अरविंद चक्रवर्ती यांच्या गटाने २००५ मध्ये दाखवलं की रेट जीनच्या आतला एक अगदी सर्रास आढळणारा छोटा फरक सुद्धा धोका वाढवतो, आणि तो आशियातल्या लोकांमध्ये बराच आढळतो. टेस्ट करायचीच असेल तर आधी जेनेटिक काउन्सेलरला भेटा, नुसता कागद हातात घेऊन काही कळत नाही. आणि पुढच्या बाळंतपणात काही झालं तरी प्र. ६ लक्षात ठेवा.

१४. आमचं लग्न मामाच्या मुलीशी झालंय. त्यामुळे झालं का?

आपल्या भागात अशी लग्नं खूप आहेत आणि त्यातल्या बहुतेकांची मुलं या बाबतीत ठणठणीत असतात. साध्या, छोट्या भागाच्या हिर्शस्प्रंगला नात्यातलं लग्न हे कारण म्हणून बोट दाखवता येत नाही. पण एक प्रकार आहे जिथे दोन्हीकडून तोच बिघडलेला जीन यावा लागतो, एंडोथेलिन-३ किंवा त्याचा रिसेप्टर ईडीएनआरबी. हाच रिसेप्टर कातडीला रंग देणाऱ्या पेशींना पण लागतो, म्हणून त्या बाळांना कपाळावर पांढरी बट, फिके निळे डोळे, कधी बहिरेपण आणि सोबत हिर्शस्प्रंग असं एकत्र दिसतं. १९८१ मध्ये मुंबईच्या डॉक्टर शाह आणि सहकाऱ्यांनी अशी बाळं नोंदवली, आज जगभर त्याला वार्डनबर्ग-शाह सिंड्रोम म्हणतात. बाळाची बट पांढरी असेल तर ती कौतुकाने दाखवता तशी डॉक्टरांनाही दाखवा आणि कानाची बेरा टेस्ट लवकर करून घ्या.

१५. रेट म्हणजे कॅन्सरचा जीन असं वाचलं. माझ्या बाळाला कॅन्सर होणार का?

बहुतेक बाळांच्या बाबतीत नाही. हिर्शस्प्रंगमध्ये रेटचं काम कमी पडतं, थायरॉइडच्या मेड्युलरी कॅन्सरमध्ये ते गरजेपेक्षा जास्त चालतं, म्हणजे उलटी दिशा. अपवाद आहे आणि तो खरा आहे. रेट प्रथिनातल्या ६०९, ६११, ६१८, ६२० या जागांवरचं सिस्टीन (प्रथिनाचा एक घटक) बदललं तर रिसेप्टर पेशीच्या पृष्ठभागावर पुरेसा पोचत नाही म्हणून आतडं रिकामं राहतं, आणि जो पोचतो तो सतत चालू राहतो म्हणून थायरॉइडला धोका. दोन्ही एकाच मुलात होऊ शकतं. घरात कुणाला थायरॉइडचा कॅन्सर झालेला असेल, आजोबा, आत्या, कुणीही, तर ते सर्जनला नक्की सांगा आणि तिथे जीन टेस्ट करून घ्याच.

१६. ऑपरेशन नीट झालं, पेशी पण आहेत, तरी पोरगी पोट दुखतं म्हणते. हे एनजीएफमुळे का?

आधी साधी कारणं बघतात, शी साठणं, जोड अरुंद होणं, इन्फेक्शन. ती नसतील तर मग हा विषय. सूज आली की आतड्याच्या अस्तरात एनजीएफ वाढतं, ते दुखण्याच्या नसांवरच्या ट्रक-ए ला धरतं आणि नसा जास्त हळव्या होतात, थोडा गॅस पण दुखतो. उंदरांवरच्या प्रयोगात तान्हेपणीच्या ताणानंतरही असं दिसलंय. म्हणून पोरगी नाटक करतेय असं म्हणू नका, तिला खरंच दुखतं. एनजीएफ अडवणारं टॅनेझुमॅब नावाचं औषध मोठ्यांच्या संधिवातात तपासलं गेलं पण काहींच्या सांध्यांचं नुकसान झालं, मंजुरी मिळाली नाही. मुलांच्या पोटदुखीसाठी असं औषध आज नाही.

१७. जीडीएनएफचा एनिमा देऊन आजार बरा झाला असं वाचलं. आम्ही थांबू का?

थांबू नका. ते २०२० चं मॉन्ट्रियलमधलं काम आहे आणि ते उंदरांवरचं. पिल्लांना जन्मानंतर काही दिवस जीडीएनएफचा एनिमा दिला, तर बऱ्याच पिल्लांमध्ये त्या रिकाम्या भागात नव्या मज्जापेशी तयार झाल्या, आणि त्यातल्या काही प्र. १० मधल्या बाहेरून आलेल्या नसांभोवतीच्या पेशींपासून. मला स्वतःला हे वाचून खूप आनंद झाला होता, कारण ज्या गठ्ठ्यांना आपण नुसती आजाराची खूण समजत होतो त्यातूनच दुरुस्ती होऊ शकते. पण माणसाच्या बाळासाठी हा उपचार आज उपलब्ध नाही आणि तुमच्या बाळाचं पोट आज फुगलंय. कुणी पैसे घेऊन असला एनिमा किंवा स्टेम सेल देतो म्हणाला तर पैसे देऊ नका.

१८. डाउन सिंड्रोम असलेल्या बाळाला हे जास्त होतं का?

हो, बरंच जास्त. शिवाय या मुलांना थायरॉइड कमी असल्यामुळे किंवा स्नायू ढिले असल्यामुळेही शी अडते, त्यामुळे "डाउन आहे ना, मग होणारच" म्हणून सोडून देतात आणि निदान राहून जातं. थायरॉइड तपासा, आणि प्र. ६ मधली लक्षणं असतील तर बायोप्सी पण.

१९. कडक भाकरी, शेंगाचटणी कधी देऊ?

जेवायच्या वयाचं मूल असेल तर सर्जनने चालू करा म्हटल्यावर भाकरी दुधात नाहीतर वरणात कुस्करून द्या. चटणी थोडी थांबू दे, सुरुवातीला दिवसातून खूप वेळा शी होते, खालची कातडी सोलवटलेली असते आणि तिखट झोंबतं. दर वेळी साध्या पाण्याने धुऊन, टिपून कोरडं करून झिंक ऑक्साइडचं मलम जाड लावा, चोळू नका. पाणी भरपूर.

२०. आमच्या रिपोर्टमध्ये हिर्शस्प्रंग नाही, "आयएनडी" लिहिलंय. हे काय?

इंटेस्टायनल न्यूरोनल डिस्प्लेसिया, म्हणजे पेशी आहेत पण त्यांचे पुंजके मोठे आणि जास्त दिसतात. १९७१ मध्ये मायर-रूगे यांनी हे वर्णन केलं आणि तेव्हापासून हा खरंच वेगळा आजार आहे का यावर तज्ज्ञांत वाद आहे, कारण लहान वयात असे पुंजके साध्या बाळातही दिसतात आणि वय वाढलं की कमी होतात. म्हणून हा शब्द रिपोर्टमध्ये आला तर घाईने ऑपरेशनला हो म्हणू नका. आधी औषधं, एनिमा, खाणं-पिणं आणि काही महिने वाट बघणं हाच रस्ता बहुतेक जण घेतात. स्लाइड दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टला दाखवायची असेल तर लॅबकडे स्लाइड आणि मेणाचा ठोकळा (ज्यात बायोप्सीचा तुकडा बसवलेला असतो) मागायचा तुम्हाला हक्क आहे, सही करून मिळतो, पुण्या-मुंबईला नेताना प्रवासात ठोकळा उन्हात किंवा गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका.